श्रावणातली थाई पेज

जेवण कसं झालं, असं भंडारीकाकांनी कधी कोणाला विचारलं नाही. न्याहारीची वेळ संपत आली की ते किचन सोडून भांडी घासायच्या मोरीपाशी येऊन उभे राहायचे. लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हात मागे बांधलेले. तिथून ते परत येणारी ताटं बघायचे. कोणी काय टाकलं, कोणी काय कडेला सारलं, कोणी पुसून खाल्लं. मधूनच एखादं ताट हातात घेऊन उजेडाकडे तिरकं धरायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "बरा. ह्येका आज भूक होती."

तुम्हीही कधीतरी खाणावळीत जेवला असाल. मालक गल्ल्यावरून "जेवण ठीक?" असं विचारतो आणि आपण तोंडातला घास गिळत "एकदम मस्त" म्हणतो. हा माणूस त्या भानगडीत पडत नसे. एकदा मी अर्धी पोळी टाकून उठलो, तर दुपारी माझ्या केबिनच्या दारात येऊन म्हणाले, "पुणेकरांनू, घराकडसून पत्र येवक नाय काय?" खरंच तीन आठवडे पत्र आलं नव्हतं. मी चाटच पडलो.

हे ऐंशीच्या आसपासचं सांगतोय. बहरीनमध्ये एका कंत्राटी कंपनीच्या कॅम्पवर मी टाइमकीपर होतो. मआमीर गाव संपलं की सित्र्याचे कारखाने सुरू व्हायचे, त्या दोहोंच्या मधल्या वाळूत आमच्या पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा होत्या आणि रांगांच्या टोकाला मेस. कोण किती वाजता कुठे होतं याची नोंद ठेवायची, एवढंच माझं काम. पुण्याच्या माणसाला हे काम शिकवावं लागत नाही, असं भंडारीकाका म्हणायचे.

भंडारी हे त्यांचं आडनाव नव्हतं. बोटीवरच्या स्वयंपाक्याला खलाशी भंडारी म्हणतात, आणि इथे येण्याआधी ते वीस वर्षं मालवाहू बोटींवर होते. त्यांचं खरं नाव माझ्या टाइमशीटवर रोज दिसायचं, पण कॅम्पात ते कोणीच वापरलं नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही. गाव वेंगुर्ल्याजवळचं. वय पासपोर्टप्रमाणे बावन्न, आणि त्यांच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे "तेच्याहून वायच जास्त". माझ्याशी बोलताना ते शाळेतली मराठी आणायचा प्रयत्न करायचे. दुसऱ्या वाक्यापर्यंत ती संपलेली असायची.

त्यांच्या कंत्राटाचे शेवटचे काही महिने उरले होते आणि ते आणखी दोन वर्षं वाढवून मिळावं, एवढीच त्यांची इच्छा होती. धाकटी मुलगी मिरजेला नर्सिंग शिकत होती. तिची दोन वर्षं बाकी होती. तिचा फोटो त्यांनी पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला होता, म्हणजे दिवसातून निदान चार वेळा तो दिसायचा. "ह्यां चेडू कामाक लागला की मगे माका समुद्रात ढकला," असं ते म्हणायचे, आणि झाकण लावायचे.

त्या जूनमध्ये आमच्याकडे साठ थाई वेल्डर आले. पाइपलाइनचं मोठं काम होतं आणि हे लोक त्या कामात तरबेज म्हणून कंपनीने खास मागवले होते. सगळे अंगाने बारीक, कमालीचे नेटके, आणि समोर दिसणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून हसणारे. त्यांना न्याहारीला काय द्यायचं हे मॅनेजरने परस्पर ठरवून टाकलं: पाव, जॅम, डब्यातले बीन्स, घट्ट उकडलेली अंडी आणि दुधाचा चहा. आम्हा भारतीयांना पोळी आणि उसळ होतीच.

पहिल्या दिवशी काका मोरीपाशी उभे राहिले आणि साठ ताटं जशी वाढली होती तशीच परत आली. चहाचे पेलेसुद्धा काठोकाठ. दुसऱ्या दिवशीही तेच. गंमत म्हणजे ते लोक रांगेत उभे राहून सगळं वाढून घ्यायचे, बाकावर बसायचे, थोडा वेळ ताटाकडे बघायचे आणि उठून हसतमुखाने परत द्यायचे.

"गाळी दिल्यानी असते तर बरा झाला असता," काका म्हणाले. "हे हसतत. हसणाऱ्या माणसाक काय सांगतलंस?"

आठवडा झाला असेल-नसेल, त्यातल्या एकाला सकाळी दहाच्या सुमारास परांचीवर चक्कर आली. पट्टा बांधलेला होता म्हणून खाली आला नाही. सेफ्टीवाल्याने कागदावर लिहिलं की माणूस उपाशी पोटी कामावर आला होता. मॅनेजरने काकांना बोलावलं आणि इंग्रजी समजावून सांगायला मला.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने सरळ सांगितलं की किचनच्या मुख्य स्वयंपाक्याचा व्हिसा एकच आहे. ऑगस्टअखेरपर्यंत या लोकांची न्याहारी मार्गी लागली तर तेव्हा संपणारं भंडारींचं कंत्राट वाढवू. नाही लागली तर त्या व्हिसावर थाई कुक आणू.

मी मराठीत सांगायच्या आधीच काकांना सगळं कळलं होतं. बाहेर आल्यावर उन्हात डोळे बारीक करून त्यांनी मला विचारलं, "पुणेकरांनू, हे लोक आपल्या घराकडे सकाळी काय खातत?"

मला ठाऊक नव्हतं. हे त्यांना विचारावं असं आमच्यापैकी कोणालाही सुचलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघे थाई लोकांच्या रांगेवरून चाललो होतो. एका खोलीच्या उंबऱ्यावर त्यांच्यातला सगळ्यात वयस्क माणूस बसला होता. त्याला सगळे लुंग म्हणायचे. त्यांच्या भाषेत लुंग म्हणजे काका. समोर छोटी विजेची शेगडी, तिच्यावर ॲल्युमिनियमचा डबा, डब्यात आमच्याच मेसमधला रात्रीचा भात पाणी घालून रटरटत ठेवलेला. शेजारी कागदावर भाजलेली सुकी मासळी.

काका थबकले. तिथेच उकिडवे बसले. डब्यात वाकून पाहिलं आणि मोठ्याने हसायला लागले.

"अरे, ही तर पेज!"

लुंगला काहीच कळलं नाही, पण तोही हसायला लागला आणि त्याने चमचा पुढे केला.

आमच्या घरी पेज फक्त आजारी माणसाला मिळते, तीही रडत-कुढत. पण काकांच्या गावी रोजची सकाळ पेजेवरच निघायची, सोबत भाजलेला सुका बांगडा नाहीतर लोणच्याची फोड. हजारो मैलांवरच्या या माणसाचीही सकाळ तशीच निघते, हे कळल्यावर काकांची सगळी काळजी मिटली. "उद्या बघा," मला म्हणाले. "उद्या साठच्या साठ ताटां धुतल्यासारखी येतली. इंशाल्ला."

इथे त्यांनी एक चूक केली, आणि ती कोकणी माणूसच करू शकतो. त्यांच्या ट्रंकेत गावाहून आणलेला तांबडा उकडा तांदूळ होता. घरच्या शेतातला. वर्षभर पुरवून पुरवून, फक्त स्वतःपुरता शिजवायचे. तो सगळाच्या सगळा त्यांनी सकाळी मोठ्या डेगेत ओतला, वर सुकी कोळंबी परतून दिली आणि कैरीचं लोणचं. स्वतः रांगेशी उभं राहून वाढलं.

थाई लोकांनी कोळंबी संपवली. पेज निम्मी परत आली. वर्षभराचा तांदूळ मोरीतून वाहून जाताना काका बघत होते. मला फार वाईट वाटलं. मी घड्याळ बघितलं.

त्या दिवशी दुपारी लुंग आपण होऊन किचनमध्ये आला. उकड्या तांदळाचे चार दाणे हातावर घेऊन त्याने मान हलवली. मग किचनभर फिरला. कोपऱ्यात एक पोतं होतं. मेसचा तांदूळ चाळल्यावर खाली पडणाऱ्या कण्या काका त्यात साठवायचे आणि मआमीरमधल्या एका बाईला तिच्या बकऱ्यांसाठी द्यायचे. लुंगने त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाला, "धिस! सदीक, धिस गुड!" सदीक म्हणजे अरबीत दोस्त.

कण्या धुऊन, थोडं तेल-मीठ चोळून, कोंबडीच्या हाडांच्या पाण्यात शिजवायच्या, आणि दाणा दिसेनासा होईपर्यंत ढवळत राहायचं. याला ते च्योक म्हणतात. आपल्या पेजेत शीत वेगळं आणि पाणी वेगळं असतं. च्योक दाट आणि मऊ, सगळं एकजीव. पहिल्यांदा ती डेग बघून काका म्हणाले, "ह्यां काय? कपड्यांची खळ?" लुंगने त्यांचं बोलणं मनावर घेतलं नाही. त्याने वाडग्यात ती खळ ओतली, कोंबडीच्या खिम्याचे चिमुकले गोळे सोडले, वरून एक कच्चं अंडं फोडलं. मग दोऱ्यासारखं चिरलेलं आलं, कांद्याची पात, पांढरी मिरी, आणि आपल्या खिशातल्या बाटलीतून मासळीच्या खारट पाण्याचे चार थेंब. त्यांच्याकडे यात डुकराचं मांस घालतात. आमच्या कॅम्पात ते चालणार नव्हतं, म्हणून कोंबडी.

च्योकबरोबर तळलेल्या पिठाच्या कांड्या लागतात. पाथोंग्को त्यांचं नाव. पिठाच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून तेलात सोडायच्या, की त्या जोडीने फुगतात. पाणीपुरीपासून घावनापर्यंत सगळं केलेल्या माणसाला ते काय अवघड! दुसऱ्याच घाण्यात त्या अशा टम्म आल्या की लुंगने टाळी वाजवली. "ह्यां माका येता," काका म्हणाले, आणि तो तांदूळ वाहून गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा खूश बघितलं.

खारं पाणी मात्र चार दिवसांत संपलं. मग शुक्रवारी कंपनीच्या बसने आम्ही मनामाला गेलो आणि बाब अल बहरीनच्या वेशीमागच्या गल्ल्यांतून हिंडलो. म्हणजे मी हिंडलो. काका वास घेत चालले होते. सोन्याची दुकानं, कापडाची दुकानं मागे पडली आणि एका बोळात ते थांबले. एक म्हातारा शरबताच्या जुन्या बाटल्यांतून मह्यावा विकत होता. बारीक मासळी मीठ आणि मसाले घालून उन्हात मुरवतात, तिचं हे पातळ रसायन. इथली काही माणसं सकाळी पोळीवर फासून खातात. काकांनी तळहातावर थेंबभर घेऊन चाटलं.

"गावला," ते म्हणाले.

मी नाकाला रुमाल लावून पाच पावलं दूर उभा होतो. मलमलच्या फडक्यातून तीनदा गाळल्यावर ते लुंगच्या बाटलीतल्या पाण्याच्या बरंच जवळ गेलं. लुंगने जिभेवर घेऊन डोळे मिटले. "सेम-सेम," तो म्हणाला, आणि मग प्रामाणिकपणे भर घातली, "मफी सेम. बट गुड." मफी म्हणजे नाही.

इतकं सगळं होऊनही ताटं पूर्ण रिकामी होत नव्हती. कधी अर्धं उरायचं, कधी पाव हिस्सा. काका डेगेतलं स्वतः चाखायचे, पण ही चव त्यांच्या जिभेला नवी होती. त्यात काय कमी आहे ते त्यांना समजेना. त्यातच जुलै संपत आला आणि श्रावण लागला.

काका श्रावण पाळायचे. महिनाभर मासळी, मटण, अंडं, यातलं काहीही तोंडात जायचं नाही. बोटीवरही त्यांनी तो कधी मोडला नव्हता. शिजवायला हरकत नसे. शिजवून वाढायचं, मग अंघोळ करायची, आणि आपण वरण-भात खायचा. इतकी वर्षं त्यात काही अडलं नव्हतं. "मटणाक मीठ किती ह्यां माझ्या हाताक ठावक आसा," ते म्हणायचे. पण च्योकला मीठ किती, हे त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं.

पहिल्याच दिवशी ते माझ्या केबिनमध्ये आले. दारातच उभे राहिले.

"पुणेकरांनू, एक इचारू? रागवू नका. सकाळी वायच येवन तुम्ही चाखशात? फक्त मीठ कमी की जास्त, तेवढाच सांगा. चमचाभर."

मी म्हणालो, "काका, तुम्हाला माहीत आहे ना, आमच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही. आईला सांगून आलोय. मला नाही जमणार."

त्यांनी घाईघाईने हात जोडले. "बरा, बरा. माझाच चुकला. तुमका इचारूकच नको होता."

आता खरं सांगतो. मनामात, हूरा भागातल्या एका हॉटेलात मी दर शुक्रवारी दोन अंड्यांचं ऑम्लेट खात होतो, आणि वर आणखी एक मागवत होतो. मला मह्यावाचा वास सहन होत नव्हता आणि पहाटे चारला उठायचं नव्हतं. आईचं नाव सोयीचं होतं, म्हणून घेतलं. उलट त्या माणसाने माझी माफी मागितली, आणि मी ती घेतलीही.

मग ते लुंगकडे गेले. आपण खाणार नाही हे त्यांनी त्याला कसं समजावलं, ते मी पाहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या चंद्रावर बोट ठेवलं, मासळीकडे हात केला, ओठ मिटून दाखवले, आणि वर आभाळाकडे बघून नमस्कार केला. लुंग खळखळून हसला. खिशातून सिगारेटचं पाकीट काढून त्याने दाखवलं. ते न फोडलेलं होतं. त्यानेही त्याच कॅलेंडरवर थोड्या मागच्या पौर्णिमेवर बोट ठेवलं आणि तीन बोटं वर केली. त्यांच्याकडे पावसाळ्याचे तीन महिने भिक्षू एका जागी राहतात आणि साधी माणसं काही ना काही सोडतात. लुंगने सिगारेट सोडली होती. पावसाचा थेंब नसलेल्या त्या वाळूत दोघंही आपापल्या गावचा पावसाळा पाळत होते.

दुसऱ्या दिवसापासून लुंग पहाटे चारला किचनमध्ये येऊ लागला. काका ढवळायचे, तो चाखायचा. अंगठा वर केला की आणखी घाला. तळहात आडवा केला की खलास, पुरे. सगळं जमलं की एकच शब्द, "आरोय." म्हणजे चवदार. सहाला तो आपल्या पाळीवर जायचा.

आठ-दहा दिवसांत ताटं पुसून येऊ लागली. आमची भारतीय पोरंही पाथोंग्को चहात बुडवायला मागू लागली. एका सकाळी काकांनी शेवटचं ताट उजेडाकडे धरलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितल्यात? आता माझ्या चेडवाचा शिक्षण झाला समजा." ते वाढवलेलं कंत्राट त्यांनी मनातल्या मनात खिशात घातलं होतं. मीही घातलं होतं.

ऑगस्टच्या मध्यावर मॅनेजरने टाइमशीट चाळता चाळता मला विचारलं, "हा वेल्डर रोज पहाटे चारला किचनमध्ये काय करतो?" नोंद माझीच होती. चारला कोण कुठे होतं, हे लिहिणं माझं काम होतं आणि ते मी चोख केलं होतं.

मी सगळं सांगितलं. अभिमानाने सांगितलं. काकांचा श्रावण, कण्या, मह्यावा, लुंगचं चाखणं. मला वाटलं, हे ऐकून तो काकांना शाबासकी देईल.

त्याने टेबलावरचा दुसरा कागद पुढे ओढला. डॉक्टरांनी लुंगचे डोळे तपासले होते. वेल्डिंगच्या उजेडाने ते अधू झाले होते आणि त्याला परत पाठवायचं ठरलं होतं.

"म्हणजे आपल्याकडे थाई कुक आहेच," मॅनेजर म्हणाला.

"पण शिजवतात ते भंडारी," मी म्हणालो.

"आणि बरोबर झालं की नाही, हे कोण सांगतं?"

त्याच्या दृष्टीने सगळं सोपं होतं. अधू माणसाला काम मिळालं, नवा माणूस आणायची यातायात वाचली. भंडारींचं कंत्राट वाढणार नव्हतं, आणि पुढच्या गुरुवारच्या विमानात जागा होती.

काकांना मीच जाऊन सांगितलं. माझ्याच तोंडून ते निघालं, हेही सांगितलं. ते तांदळाच्या पोत्यावर बसले. किचनमध्ये बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही खोटा सांगितल्यात काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मगे? माझ्या तोंडाक कुलूप होता, ह्यां खराच मा?" मग खाली बघत म्हणाले, "दोनच वर्सां मागितलंय होतंय. जास्त नाय."

मी म्हणालो, "काका, अजून वेळ गेलेली नाही. आत्ता माझ्याबरोबर चला. मॅनेजरसमोर एक वाडगा चाखून दाखवा. चव तुम्हालाही कळते हे त्याला दिसू दे. एका चमच्याने काय होतंय? देव समजून घेईल."

त्यांनी मान वर केली. रागावलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

"देव घेयत समजून. आये माझी गेली तेव्हा मी बोटीर होतंय, पुणेकरांनू. तिका पाणीसुदिक मी दिवक नाय. जाताना तिना घरच्यांकडे एवढाच सांगान ठेवल्यान होता, श्रावण मोडू नको म्हणून. तिका मी दुसरा काय दिलंय? तो एका चमच्यासाठी मोडू?"

एवढं बोलून ते उठले आणि डेग घासायला लागले.

आपल्यामुळे काका जाणार हे लुंगला कळलं तेव्हा तो दोन दिवस किचनकडे फिरकला नाही. वेल्डरचं हेल्मेट घालून सरळ कामाच्या रांगेत उभा राहिला. फोरमनने त्याला दोन्ही दिवस परत पाठवलं. शेवटी काका स्वतःच त्याच्या खोलीवर गेले आणि त्याला मनगटाला धरून घेऊन आले. "यल्ला, चल," ते म्हणत होते. "माझे डोळे अजून बरे आसत. बोटीर घेतीत माका कोणीतरी. तुका कोण घेतलो?" लुंगला मालवणी कळत नव्हती, पण तो रडत होता.

गुरुवारी पहाटे काकांनी शेवटची डेग चढवली. श्रावणाचे चार दिवस उरले होते. लुंगने चाखलं, तळहात आडवा केला, "आरोय" म्हणाला. साठ माणसं जेवून गेली. जाताना प्रत्येकाने काकांपुढे हात जोडले, आणि काकांना एवढे नमस्कार कसे परत करावे ते समजेना.

मेस रिकामी झाली तेव्हा लुंगने एक वाडगा भरला. खिम्याचे गोळे, अंडं, आलं, पात, सगळं निगुतीने घातलं आणि दोन्ही हातांनी काकांपुढे धरला. काकांनी वाडग्यात वाकून पाहिलं. वाफ तोंडावर घेतली. मग चार बोटं वर केली आणि हळूच मान हलवली. लुंग समजला. त्याने वाडगा टेबलावर ठेवला.

बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला. काका त्या दिवशी पँट घालून आले होते आणि वेगळेच, कोणाचे तरी पाहुणे आल्यासारखे दिसत होते. मी त्यांची ट्रंक चढवली. उकडा तांदूळ संपल्यामुळे ती हलकी लागली. "पुणेकरांनू, वेळेवर जेवत जावा," एवढंच ते म्हणाले. मी त्यांच्या पाया पडलो. गाडी सित्र्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी फाटकाशी उभा होतो.

परत आलो तर वाडगा तसाच टेबलावर होता आणि लुंग पलीकडच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसला होता. काकांनी विचारलं तेव्हा मी चमचाभर चाखायला हो म्हटलं असतं, तर लुंगचं नाव पहाटे चारच्या नोंदीत आलंच नसतं. हे मला दहा दिवस रोज आठवत होतं. मी बसलो आणि चमचा उचलला. अंडं एव्हाना आतल्या ऊबेने आळलं होतं. आल्याचा एक दोरा दाताखाली आला, मग मऊ कण्या, मग तो खारट वास, जो तोंडात गेल्यावर वास राहिलाच नाही. मी सगळा वाडगा खाल्ला.

"आरोय?" लुंगने विचारलं.

मी मान डोलावली. मीठ बरोबर होतं. काही कमी नव्हतं, काही जास्त नव्हतं. ज्यांना हे सांगायला हवं होतं, ते तोवर मुहर्रकचा पूल ओलांडून विमानतळावर पोचले असतील.